हमीदभाईंची कोरी कॅसेट

सनाचा मेसेज आला तेव्हा मी बँकेत हयातीचा दाखला द्यायला रांगेत उभा होतो. इंग्रजीत एकच ओळ होती. अब्बा आज पहाटे झोपेतच गेले. सना ही हमीदभाईंची मुलगी. जन्मली, शिकली बहारीनमध्ये. मराठी सगळी कळते, पण उत्तर इंग्रजीतच देते. मी ती ओळ दोनदा वाचली, फोन खिशात ठेवला आणि रांग सोडली नाही. नंबर आल्यावर सही केली, जुळत नाही म्हटल्यावर पुन्हा केली. दापोलीला निघायला हवं, हे घरी आल्यावर सुचलं, तोवर तिकडे दफन उरकलं होतं. अशा लेखात माणसाने आपलं दुःख लिहावं अशी अपेक्षा असते. दुःख झालंच, पण नंतर. त्या रांगेत मनात सगळ्यात आधी आलं ते वेगळंच होतं. सुटलो, असं आलं... आता सांगायला नको. ही दोन वाक्यं कागदावर उतरवायला मला सहा आठवडे लागले.

काय सांगायचं होतं ते पुढे येईलच. ते सांगायला मी गेल्या हिवाळ्यात, बहारीनहून परतल्यावर ते राहत त्या दापोलीजवळच्या त्यांच्या गावी मुद्दाम गेलो होतो. हमीदभाई पडवीत खुर्चीवर बसले होते, शेजारच्या टेबलावर त्यांचा जुना टेप डेक, त्याच्यावर त्यांच्या पत्नीने, रुकय्याभाभींनी, विणलेली झालर. कारखान्यातल्या वर्षांनी त्यांचा उजवा कान पार गेला होता, म्हणून खुर्ची तिरकी लावून डावा कान स्पीकरकडे करून ते ऐकायचे. काय ऐकायचे, तर एका अमेरिकन बँडचं मेटलकोर. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, यात गिटारी आणि ड्रम एखाद्या यंत्रासारखे तुटून पडतात आणि गाणारा गात नाही, जीव खाऊन ओरडतो. बँडचं नाव मी लिहीत नाही; ते असं आहे की पुरवणीच्या संपादिका दचकतील. हमीदभाईही नाव घेत नसत. ते म्हणायचे, 'आपली पोरं.' ही पोरं आता पन्नाशीला आली आहेत. "ऐका साहेब, आवाज जरा बसलाय," ते मला म्हणाले, "पण सोडलान नाय बेट्यानं." आतून रुकय्याभाभी चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "गावात विचारतात, तुमच्याकडं भाताची गिरणी घातलीत का."

सांगायची सगळी वाक्यं मी बसमध्ये जुळवून आलो होतो. मी घसा खाकरला. हमीदभाईंनी लगेच डेकचं बटण दाबून गाणं बंद केलं, हातातला कप खाली ठेवला आणि डावा कान माझ्याकडे करून बसले. मी म्हणालो, "चहा छान झालाय, भाभी." हमीदभाई आणखी थोडा वेळ तसेच थांबले. मग त्यांनी बटण परत दाबलं.

आमची ओळख नव्वदच्या दशकाच्या मध्यातली. मी पुण्याहून बहारीनला जाऊन प्लॅनिंग इंजिनिअर म्हणून एका ठेकेदार कंपनीत लागलो होतो. आमची माणसं अस्करकडच्या अॅल्युमिनियमच्या कारखान्यात दुरुस्तीचं काम करायची. हमीदभाई क्रेनचे फिटर, सित्राच्या कामगार-कॅम्पात राहायचे, कंपनीच्या बसने यायचे-जायचे. कामात इतके चोख की आमचा अरब सुपरवायझर बाकी सगळ्यांना यल्ला यल्ला, म्हणजे चला चला, करायचा, त्यांना कधी नाही. मी त्यांच्याहून चार वर्षांनी लहान, पण मी टेबलावरचा, म्हणून मी 'सोमणसाहेब' आणि ते 'हमीदभाई'. दोघेही एकमेकांना अहोजाहो. खोटं कशाला बोलू, त्या 'साहेब'ची मला सवय झाली होती, आवडही होती.

एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, त्यांना जुफैरला, अमेरिकन नौदलाच्या तळापाशी, एका मायदेशी निघालेल्या अमेरिकनाच्या घरी हा टेप डेक मिळाला. लोक देश सोडताना घरातलं सामान असंच काढून टाकायचे. डेकच्या आत एक कॅसेट अडकून राहिली होती, तिच्यावर पेनाने बँडचं नाव आणि अमेरिकेतल्या कुठल्याशा गावाचा पोस्ट बॉक्स लिहिलेला. पाच पोरांनी बापाच्या गॅरेजमध्ये बसून भरलेली चार गाणी. आपल्या पोरांच्या लांबलचक कारकिर्दीची ती सुरुवात, आणि ती सित्राच्या एका खोलीत वाजत होती. पुढच्या आठवड्यात हमीदभाई मला बोलवायला आले. "साहेब, तुमचं इंग्लिश चांगलं हाय. ह्यो काय म्हणतोय ता जरा ऐका." मी ऐकलं आणि कानावर हात ठेवले. ते हसले नाहीत. चौथ्या गाण्यात तो पोरगा एकच ओळ चारदा ओरडतो, मग सगळी वाद्यं थांबतात आणि तो एक ओळ हळू, जवळजवळ बोलल्यासारखी म्हणतो. हमीदभाईंना ती ओळ हवी होती. त्यांचे वडील त्याच महिन्यात गावी वारले होते आणि विमानाचं तिकीट मिळेपर्यंत माती देऊन झाली होती. तिथे कोणापुढे त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं नाही. आलं ते या ओळीला. "मी कशाला रडलो ता कळायला नको काय?" ते म्हणाले.

मी सात-आठ वेळा ऐकूनही ती ओळ मला लागली नाही. मग आम्ही पत्र लिहिलं. म्हणजे ते बोलले आणि मी इंग्रजीत लिहिलं. त्यातलं एक वाक्य मला अजून आठवतं, कारण ते सुधारायचा मोह मी टाळला होता : आमच्या शेडमध्ये आवाज पुष्कळ असतो, पण राग ठेक्यातसुद्धा करता येतो हे मला तुमच्याकडून कळलं. शेवटी त्या ओळीबद्दलचा प्रश्न. खाली पत्ता कंपनीच्या पोस्ट बॉक्सचा, मार्फत माझं नाव, कारण तिकडे घरोघरी टपाल येत नाही आणि कंपनीची टपालाची पिशवी माझ्याच टेबलावर उघडायची.

तीन महिने गेले. हमीदभाई रोज सकाळी बसमधून उतरले की लांबूनच मान उडवून विचारायचे, मीही मान हलवून नाही म्हणायचो. आणि एक दिवस पिशवीत ते जाड पाकीट निघालं. माझ्या नावाचं, म्हणून मी उघडलं. आत एक कॅसेट आणि वहीच्या पानाची चिठ्ठी. आम्हाला लिहायला जमत नाही, म्हणून आम्ही पाचही जण बसून ह्यात बोललो आहोत. हमीद, तुझ्या प्रश्नाचं उत्तर शेवटी आहे. तुझा कारखाना कसा वाजतो ते आम्हालाही ऐकायचं आहे... इतकंच. मला इतका आनंद झाला की संध्याकाळपर्यंत थांबवेना. हमीदभाई पॉटरूममध्ये होते. म्हटलं, तिथेच जाऊन हातात ठेवू, सगळ्यांसमोर त्यांचा चेहरा बघू.

पॉटरूम म्हणजे ज्या लांबच लांब शेडमध्ये भट्ट्यांतून वीज खेळवून अॅल्युमिनियम काढतात ती जागा. त्या विजेमुळे शेडभर इतकं चुंबकत्व असतं की खिशातली किल्ली आपोआप उभी राहते. दाराशी एक लाकडी पेटी असायची. आत जाणाऱ्याने घड्याळ, बँकेचं कार्ड, कॅसेट, असलं सगळं त्या पेटीत ठेवून बिल्ला घ्यायचा, नाहीतर कॅसेट पुसली जाते आणि घड्याळ पुढे पळायला लागतं, हा तिथला पहिला धडा. नवीन आलेल्या प्रत्येक माणसाला तो धडा हमीदभाईच द्यायचे. त्या दिवशी दारावरच्या माणसाने माझ्यापुढे पेटी सरकवली. मी हात हलवला, पाच मिनिटांत येतो म्हणालो. सामान्य माणसांसारखं बिल्ला घेऊन उभं राहायचं नव्हतं मला. आत हमीदभाई नव्हते, नमाजाला गेले होते. मी त्यांची वाट बघत विजेच्या जाड पट्ट्यांजवळ उभा राहिलो, पाच मिनिटांची पंचवीस झाली. कॅसेट शर्टाच्या खिशात, वडिलांनी दिलेलं चावीचं घड्याळ मनगटावर. शेवटी कंटाळून बाहेर आलो, तेव्हा दारावरचा माणूस माझ्या खिशाकडे बघत होता. त्याच्या नजरेने मला कळलं.

ऑफिसातल्या टेपवर लावून बघितली. नुसती सरसर. दुसरी बाजूही तशीच. त्या वेळी मी उठून हमीदभाईंकडे गेलो असतो तर हा लेख वेगळाच झाला असता, चांगल्या मनाने लिहिलेला. मी चिठ्ठी फाडली. चार तुकडे केले, आणखी चार केले आणि कचऱ्याच्या डब्यात तळाशी घातले. कॅसेट पाकिटात परत ठेवली. संध्याकाळी बसपाशी हमीदभाईंच्या हातात पाकीट देऊन म्हणालो, "आलं बघा तुमचं टपाल."

त्या शुक्रवारी दुपारी त्यांनी मला खोलीवर बोलावलं. एकट्याने ऐकायचं नव्हतं त्यांना. उत्तर आलंच तर समजावून सांगायला मी हवा होतो. त्यांनी कपडे बदलले होते, अत्तर लावलं होतं. मी समोरच्या खाटेवर जुना पेपर धरून बसलो आणि पूर्ण एक तास आम्ही सरसर ऐकली. मधे एकदा त्यांनी कॅसेट थोडी मागे नेली, पुन्हा ऐकली, पुन्हा मागे नेली. मला काही ऐकू आलं नाही. खरं म्हणजे मी ऐकतच नव्हतो. दुसरी बाजू संपली तेव्हा बटण आपोआप वर आलं आणि मी बोललो. ते बोलणं मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मी म्हणालो, "कोरीच पाठवलीय. थट्टा केली तुमची. गोऱ्यांना काय, कुठला कोण हमीद..." ते माझ्या मनगटाकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "साहेब, घड्याळ पुढं पळतंय तुमचं." खरंच पळत होतं, तासाला दहा-दहा मिनिटं. जुनं झालंय, मी म्हणालो. "द्या माझ्याकडं, मनामाच्या बाजारात आपल्या ओळखीचा घड्याळवाला हाय." चौथ्या दिवशी घड्याळ परत आलं, वेळ अगदी बरोबर. त्याला काय झालं होतं हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

महिन्याभराने ते म्हणाले, "परत एक पत्र लिवूया काय?" मी म्हणालो, थट्टा करणाऱ्यांच्या कशाला पाया पडायचं. खरं कारण उघड आहे. पोरांनी उत्तर दिलं असतं तर 'आम्ही कॅसेटवर बोलून पाठवलं होतं की' असंच लिहिलं असतं. हमीदभाई 'बरं' म्हणाले. एका माणसाची एका ओळीसाठी चाललेली धडपड मी माझी इभ्रत राखायला मोडून काढली, आणि ती इभ्रत तरी काय, तर पेटीत घड्याळ न ठेवण्याची.

माझी अपेक्षा होती की ते आता हा नाद सोडतील. त्यांनी सोडला नाही. दोन वर्षांनी पोरांचा पहिला खरा अल्बम निघाला, तो त्यांनी जुफैरच्या कुठल्याशा खलाशाला सांगून मागवला. चौथं गाणं त्यात नव्हतं. ते पोरांनी पुढे कधीच पुन्हा भरलं नाही, नंतर इंटरनेटवर सगळ्या गाण्यांचे शब्द मिळायला लागले तेव्हाही त्या एका गाण्याचे मिळाले नाहीत. दशक संपता संपता मी बहारीन सोडलं. विमानतळावर हमीदभाई सोडायला आले, बॅगा स्वतः ट्रॉलीवर चढवल्या. मग जाऊ दे जाऊ दे करत थोडे रेंगाळले आणि म्हणाले, "साहेब, काय सांगायचं र्‍हायलं तर नाय ना?" मला वाटलं ऑफिसच्या किल्ल्या, ड्रॉइंग, फाइली. मी म्हणालो, "छे, सगळं सांगून आलोय." "मग खलास," ते म्हणाले आणि त्यांनी मला मिठी मारली.

पुढची पंचवीस वर्षं त्यांचे फोन यायचे ते पोरांच्या बातम्या घेऊन. पहिला ड्रमर सोडून गेला. मग पोरं एकदम मोठी झाली, मोठमोठ्या मैदानांत वाजवायला लागली, तेव्हा हमीदभाईंना ती जरा बिघडल्यासारखी वाटली. नंतर गर्दी ओसरली. ओरडणाऱ्याच्या घशाचं ऑपरेशन झालं तेव्हा रुकय्याभाभींना न सांगता त्यांनी गावच्या दर्ग्यात चादर चढवली. बँड मोडला, चार वर्षांनी पुन्हा जमला, तेव्हा माझ्या ऑफिसात फोन करून म्हणाले, "आपली पोरं परत आली." पुढे कंपनीचं घर मिळाल्यावर भाभी बहारीनला गेल्या आणि सना तिथेच झाली; मेटलकोर हा शब्द त्यांना तिने शिकवला, तोवर ते त्याला 'पॉटरूमचं म्युझिक' म्हणायचे. एकदा मी वैतागून विचारलं की तुम्हाला साधं उत्तर धाडलं नाही त्या लोकांनी, तरी एवढं काय? ही विचारायची हिंमत मला कशी झाली ते मलाच माहीत नाही. ते म्हणाले, "त्यांचा काय दोष, साहेब?" मी विषय बदलला.

त्यांच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीला मात्र मी गेलो. जेवणं झाली, माणसं पांगली, सना विमानतळावर जायला निघाली. रुकय्याभाभींनी मला पडवीत बोलावलं आणि डेकच्या मागून एक प्लॅस्टिकची डबी काढली. आत ती कॅसेट. "ही तुमच्यासाठी ठेवलेली हाय," त्या म्हणाल्या. मी काही बोलायच्या आत पुढचं त्याच बोलल्या, अगदी सहज, भाजीत मीठ कमी पडल्याचं सांगावं तशा. "म्हणायचे, साहेबाच्या खिशात पुसली. तुमच्या घड्याळानं त्यांना सांगितलं. कोरी धाडलेली नव्हती, ता पयल्या दिवशीच कळलेलं."

मी विचारलं, मग मला का नाही विचारलं?

"मी पण हेच बोलले. तर म्हणाले, विचारलं की माणूस खोटं बोलतो. एकदा बोललाय बिचारा, परत कशाला बोलायला लावू?" भाभींनी पदराने डेकवरची धूळ पुसली. "सना म्हणालेली, मी मेल टाकते त्या लोकांना, दोन दिवसांत जवाब येईल. नको म्हणाले. पत्र साहेबांनी लिवलेलं, ते सांगतील कवातरी, मग दोघं मिळून लिवू."

पंचवीस-तीस वर्षं. एका ओळीचं उत्तर दोन दिवसांच्या अंतरावर होतं आणि हा माणूस ते न मागता थांबला, कारण पत्र माझ्या हातून जायला हवं होतं. मी त्यांना फसवलं असं समजत राहिलो, त्याची शरम बाळगत राहिलो. आता कळतं की त्या शरमेतसुद्धा मी स्वतःला हुशार समजत होतो. विमानतळावर ते किल्ल्यांबद्दल विचारत नव्हते. गेल्या हिवाळ्यात गाणं बंद करून, कप खाली ठेवून ते चहाच्या कौतुकासाठी थांबले नव्हते.

भाभींनी कॅसेट डेकमध्ये घातली. "ह्यात एक जागा हाय," त्या म्हणाल्या. "दर शुक्रवारी लावायचे, त्या एवढ्यासाठी." सरसर सुरू झाली. अंगणात कोणीतरी भांडी घासत होतं. पहिली बाजू संपत आली तेव्हा भाभींनी बोट वर केलं. मी कान स्पीकरला लावला. त्या सरसरीच्या आत, फार लांबून, कोणीतरी घसा खाकरला. बोलायला सुरुवात करण्याआधी माणूस खाकरतो तसा. मग पुन्हा नुसती सरसर, शेवटपर्यंत.

भाभी भांडी आत घ्यायला उठून गेल्या. हमीदभाईंची खुर्ची कोणी हलवली नव्हती, तिरकीच होती. मी कोपऱ्यातलं स्टूल ओढून तिच्या डाव्या बाजूला, त्यांच्या ऐकू येणाऱ्या कानाकडे, घेतलं आणि डेकचं बटण बंद केलं.